जिल्ह्याबाहेर

मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेला टेकलेल्या सिद्धगडाच्या रानात, २ जानेवारी १९४३ रोजी सकाळी पोलिसांनी आझाद दस्ता या भूमिगत तुकडीच्या तळाला वेढा घातला. गोळीबारात हिराजी गोमाजी पाटील आणि विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल हे दोघे मारले गेले. भाई कोतवाल तेव्हा अवघ्या तीस वर्षांचे होते. माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिकून ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सावकाराच्या दारी जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठी उभी केली. १९४२ च्या ऑगस्टनंतर ते भूमिगत झाले आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम त्यांनी हाती घेतली. सरकारने वॉरंट काढलं, पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं. त्या दिवसापासून हा वकील आपल्या गावात राहू शकला नाही, कोर्टात उभा राहू शकला नाही. जंगल हाच त्याचा पत्ता झाला. त्याच्यावरचा खटला कधी उभाच राहिला नाही.

दरवर्षी २ जानेवारीला माणसं सिद्धगडावर जातात, ज्योत पेटवतात, हुतात्म्यांना वंदन करतात. त्या बलिदानाचं मोल सांगायला माझी गरज नाही. या लेखाचा विषय त्याच घटनेतली दुसरी एक गोष्ट आहे. आरोप झाला की माणसाला शिक्षा होण्याच्या खूप आधी त्याची जागा जाते. तुरुंगवास न्यायाधीशाने द्यायचा असतो आणि त्याला पुरावा लागतो. ‘या हद्दीत तू राहायचं नाहीस’ हे सांगायला मात्र अनेकदा पुरावा लागत नाही, न्यायाधीश लागत नाही, केवळ आरोप पुरतो. परदेशी नागरिकाच्या बाबतीत ही गोष्ट जगभर रोज घडते. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला की व्हिसा धोक्यात येतो, खटल्याचा निकाल काहीही लागो. पण हीच गोष्ट आपल्याच देशात, आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माणसांच्या बाबतीत घडत आली आहे. शहापूर आणि मुरबाड ज्या ठाणे जिल्ह्याचे तालुके आहेत, त्या जिल्ह्याने हद्दपारीचा हा इतिहास फार जवळून पाहिला आहे.

खटल्याविना बंदिवास

ठाण्याच्या तुरुंगात २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना फाशी दिली गेली. अकोले तालुक्यातल्या देवगावचे हे महादेव कोळी समाजातले बंडकरी. घाटाच्या वर नगर, पुणे, नाशिक आणि घाटाखाली ठाणे असा त्यांचा वावर होता. इंग्रजांना अशा माणसांची सर्वांत मोठी अडचण ही होती, की घाट चढला की एक जिल्हा संपतो आणि उतरला की दुसरा सुरू होतो. कसाऱ्याचा घाट चढला की नाशिक, माळशेज चढला की पुणे. डोंगरातल्या माणसाला ती रेघ दिसत नव्हती. त्याची सोयरीक, त्याचे देव, त्याची गुरं दोन्ही बाजूंना होती. राज्यकर्त्याला मात्र त्या रेघेवरच आपला अंमल बसवायचा होता.

त्या अंमलाची हत्यारं राघोजींच्या आधीच तयार झाली होती. मुंबई इलाख्यात १८२७ साली जी रेग्युलेशन्स केली गेली, त्यांतल्या पंचविसाव्याखाली सरकारला राजकीय कैदी म्हणून कुणालाही खटल्याविना अडकवून ठेवता येत होतं. १८९७ साली पुण्यात प्लेग अधिकारी रँड याचा खून झाल्यावर बाळासाहेब आणि तात्यासाहेब या नातू बंधूंना याच रेग्युलेशनखाली उचललं गेलं. आरोपपत्र नाही, साक्षीदार नाहीत, निकाल नाही. १८९९ पर्यंत ते बंदिस्त राहिले आणि त्यांच्या मालमत्तेवरही टाच आली. पुण्यातले प्रतिष्ठित सरदार असूनही कायद्यापुढे त्यांना स्वतःची बाजू मांडायला जागा नव्हती.

१८६४ साली परकीयांसाठीचा कायदाही झाला. परकी माणसाला सरकार देशाबाहेर काढू शकतं, हे त्यात लिहिलं गेलं. पुढे १९०२ च्या मुंबई शहर पोलीस कायद्यात शहराबाहेर घालवण्याचा अधिकार पोलीस आयुक्ताला मिळाला. परकीयाला देशाबाहेर, शहरातल्या संशयिताला शहराबाहेर. दोन कायदे, दोन प्रकारची माणसं, पण विचार एकच. ज्याची भीती वाटते त्याचा गुन्हा सिद्ध करत बसू नका, त्याला रेघेपलीकडे टाका.

टिटवाळा, झरी, तलवाडा

१९४५ सालच्या जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. टिटवाळा कल्याण तालुक्यात, काळू नदीच्या काठी. तीच काळू मुरबाडच्या डोंगरातून येते आणि तोच रेल्वेमार्ग पुढे वासिंद, आसनगाव, खर्डी करत कसाऱ्याला जातो. शहापूर-मुरबाडच्या माणसाला टिटवाळा परका नव्हता. परिषदेच्या तयारीसाठी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी जिल्ह्यातली खेडी पालथी घातली.

गोदावरीबाईंचा जन्म १९०७ सालचा, पुण्याच्या गोखले घराण्यातला. कायद्याची पदवी घेतलेल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. भारत सेवक समाजाच्या त्या सभासद झाल्या, पुढे कम्युनिस्ट पक्षात गेल्या. त्यांना खेड्यात जे दिसलं ते सरकारी कागदातही होतं. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला होता आणि त्यात वेठीचं, सावकारीचं, जंगल ठेकेदारांच्या पिळवणुकीचं वर्णन स्पष्ट शब्दांत होतं. तो अहवाल १९३९ साली छापला गेला. सरकारला माहीत नव्हतं असं नव्हे.

टिटवाळ्याच्या परिषदेला उंबरगाव तालुक्यातले काही वारलीही आले होते. पहिल्यांदा त्यांनी पाहिलं, की आपल्यासारखी माणसं उभी राहून बोलतात आणि कुणी त्यांना मारत नाही. त्यांनी गोदावरीबाईंना आपल्याकडे बोलावलं. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले. सभेत ठरलेल्या गोष्टी साध्या होत्या. वेठ करायची नाही. मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर पाय ठेवायचा नाही. कुणी मारायला आला तर एकजुटीने उभं राहायचं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनाही आयुष्यभर राबवणारी लग्नगडी पद्धत या निश्चयाने मोडायला लागली.

त्याच पावसाळ्यानंतर गवताच्या कापणीचा प्रश्न आला. ठाण्याचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं आणि ते कापणाऱ्याला काही आणे मिळायचे. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये द्या, ही मागणी घेऊन कापणाऱ्यांनी संप केला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. लोकांना तिथे खोट्या निरोपाने बोलावलं गेलं होतं, असं गोदावरीबाईंनी पुढे लिहून ठेवलं. इतक्या गोळ्या झाडूनही वारली पांगले नाहीत, लढा थांबला नाही. गवताचे दर मालकांना वाढवावे लागले.

यातून राज्यकर्त्यांनी जो धडा घेतला, तो हद्दीचा होता. हजारोंना हाकलता येत नाही. ज्यांच्या शब्दावर ते जमतात, त्या दोघा-चौघांना हाकलता येतं.

एकाच वर्षातल्या तीन हद्दी

१९४६ हे साल या दृष्टीने नीट पाहण्यासारखं आहे. मुंबईत बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. मोरारजी देसाई गृहमंत्री झाले. स्वराज्य दारात उभं होतं. पावसाळा संपल्यावर ठाणे जिल्ह्यातल्या जंगल मजुरांनी रोज सव्वा रुपया मजुरीची मागणी लावून धरली आणि लाकूडतोड बंद पाडली. या लढ्याच्या ऐन भरात परुळेकर दांपत्यावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर ठाणे जिल्ह्यात राहण्यास मनाई करणारे हुकूम निघाले. ज्या खेड्यांत ते चुलीपर्यंत पोचले होते, तिथे पाऊल टाकणं हाच आता गुन्हा ठरला. त्यांना शिक्षा झाली नव्हती. ज्या कृत्याबद्दल हुकूम निघाला, ते कोर्टात तपासलं गेलं नव्हतं. तुरुंगवासाहून हे सौम्य आहे असं वरवर वाटतं. पण तुरुंगात गेलेल्या नेत्याचा खटला चालतो, लोक कोर्टाबाहेर जमतात, पुरावा ऐकला जातो, सुटकेची तारीख असते. हद्दपार केलेल्या नेत्याच्या बाबतीत लोकांच्या हाती केवळ रिकामी जागा उरते.

त्याच वर्षी १८ जूनला राममनोहर लोहिया यांनी मडगावला सभेत बोलण्याचा प्रयत्न केला. पोर्तुगीजांच्या लेखी ते परकी नागरिक होते. त्यांना अटक झाली, मग गोव्याबाहेर काढलं गेलं. सप्टेंबरच्या अखेरीस ते पुन्हा गेले, तेव्हा त्यांना आग्वादच्या किल्ल्यात ठेवून पुन्हा हद्दीबाहेर सोडलं आणि पाच वर्षांची प्रवेशबंदी घातली. गोव्याच्या स्वतःच्या माणसांना मात्र सालाझारच्या राजवटीने उलट्या दिशेने नेलं. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे यांच्यासारख्यांना शिक्षा देऊन समुद्रापार पोर्तुगालला पाठवलं. परक्याला हाकलायचं आणि आपल्याला दूर नेऊन ठेवायचं. दोन्हींत माणसाचं आपल्या लोकांशी असलेलं नातं तोडणं हाच हेतू होता.

आणि त्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९४६ रोजी, दिल्लीत विदेशी नागरिक कायदा मंजूर झाला. परकीयाने भारतात राहायचं की नाही, कुठे राहायचं, कसं राहायचं, हे ठरवण्याचा जवळपास अमर्याद अधिकार त्याने सरकारला दिला. शिवाय आपण परकी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या कायद्याच्या नवव्या कलमाने त्या माणसावरच टाकला. एरवी फौजदारी कायद्यात आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. इथे उलट. ठाणे जिल्ह्याच्या जंगलातून काढलेली माणसं, मडगावातून काढलेला माणूस आणि दिल्लीत छापलेला कायदा यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत होती. जमिनीवर राहण्याचा हक्क सरकारने दिलेली सवलत आहे, आणि संशय आला की ती काढून घेता येते.

राज्यघटना आल्यावर

१९४७ साली मुंबई सार्वजनिक सुरक्षितता उपाययोजना कायदा झाला. स्थानबद्धतेचे आणि वावरावर निर्बंध घालण्याचे अधिकार त्यात होते. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि कलम १९ ने नागरिकाला देशभर मुक्तपणे फिरण्याचा, कुठेही राहण्याचा हक्क दिला. हा हक्क हद्दपारीला पुरून उरतो का, हा प्रश्न लगेच न्यायालयांपुढे आला आणि गंमतीचा योग नव्हे तर इतिहासाचा न्याय म्हणावा, पहिला मोठा खटला मराठी माणसाचाच होता.

डॉ. नारायण भास्कर खरे यांचा जन्म पनवेलचा. मध्य प्रांताचे ते पंतप्रधान राहिलेले, पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष. १९५० च्या मार्चअखेर त्यांना पूर्व पंजाब सार्वजनिक सुरक्षा कायद्याखाली दिल्लीबाहेर जाण्याचा हुकूम मिळाला. सर्वोच्च न्यायालय तेव्हा अवघ्या काही महिन्यांचं होतं. २६ मे १९५० रोजी पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला आणि त्यात मतभेद झाले. सरन्यायाधीश हरिलाल कणिया यांच्यासह तिघांनी कायदा वैध ठरवला. न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी आणि मेहरचंद महाजन यांना तो वाजवी निर्बंध वाटला नाही. परुळेकर कम्युनिस्ट, खरे हिंदुत्ववादी. विचारांनी ते एकमेकांच्या दुसऱ्या टोकाला होते. पण हद्दपारीचा हुकूम दोघांच्याही हातात पडला, कारण तो हुकूम विचार पाहून निघत नाही, अडचण पाहून निघतो.

मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी अधिक ठाम भूमिका घेतली. अहमदाबादच्या एका माणसाच्या प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या पूर्णपीठाने १९४७ च्या कायद्यातली हद्दपारीची तरतूद घटनेविरोधी ठरवली. माणसाला ऐकून न घेता त्याच्या घरातून काढणं हा वाजवी निर्बंध असूच शकत नाही, असा त्या निकालाचा आशय. साधा माणूसही हेच म्हणेल. पण हे घटनेच्या भाषेत म्हटलं जाण्यासाठी १९५० साल उजाडावं लागलं.

पुढच्याच वर्षी मुंबई पोलीस कायदा, १९५१ झाला. आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून तो लागू आहे आणि राज्यातल्या प्रत्येक तडीपारीच्या मुळाशी त्याची ५५ ते ६० ही कलमं आहेत. टोळ्यांसाठी कलम ५५, शिक्षा झालेल्यांसाठी ५७. आणि सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं ५६, ज्याला शिक्षा झालेली असण्याची अट नाही. माणसाच्या वावराने लोकांत भीती किंवा धोका निर्माण होतो, किंवा तो हिंसेचे गुन्हे करत आहे वा करणार आहे असं मानायला वाजवी कारण आहे आणि साक्षीदार जिवाच्या भीतीने उघडपणे पुढे येत नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत झालं की पुरे. जास्तीत जास्त मुदत दोन वर्षं. कलम ५९ प्रमाणे आधी नोटीस द्यायची आणि बाजू मांडायची संधी द्यायची. कलम ६० प्रमाणे तीस दिवसांत अपील.

नोटिशीची अट नवी आणि मोलाची होती. पण तिच्यात काय लिहायचं? १९५२ साली मूळच्या अमृतसरच्या, मुंबईतून हद्दपार केलेल्या एका माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की साक्षीदार भीतीपोटी पुढे येत नाहीत हेच अशा कायद्याचं कारण आहे, म्हणून त्यांची उलटतपासणी मागता येणार नाही. १९५६ साली दोन खटल्यांत १९५१ च्या कायद्याची ही कलमं वैध ठरली. त्यातल्या एका खटल्यात प्रतिवादी होते ठाण्याचे जिल्हा दंडाधिकारी. दुसऱ्यात न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी आपला वेगळा, विरोधी निकाल लिहिला. पुढे न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या निकालाने हे पक्कं झालं, की नोटिशीत आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप सांगितलं तरी चालतं, तारीखवार तपशील देण्याची गरज नाही.

तारीख, जागा, नाव यांशिवाय आलेल्या आरोपाला उत्तर कसं द्यायचं, हे मुरबाडच्या किंवा शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीच्या माणसाने स्वतः शोधायचं.

नागरिक नसलेल्याचं काय

नागरिकाला इतकं तरी मिळालं. परकी नागरिकाला काय मिळालं, हे १९५५ सालच्या एका निकालाने ठरलं. हान्स म्युलर हा पश्चिम जर्मनीचा नागरिक भारतात होता. त्याच्या देशात त्याच्यावर फसवणुकीच्या आरोपाचं वॉरंट असल्याचं जर्मन वकिलातीने भारत सरकारला कळवलं. आरोपीला परत मागण्याचा एक रस्ता कायद्यात असतो, तो प्रत्यार्पणाचा. त्यात न्यायदंडाधिकारी आरोप तपासतो, पुरावा पाहतो, माणसाला बोलायला मिळतं. सरकारने तो रस्ता घेतला नाही. त्याला स्थानबद्ध केलं आणि विदेशी नागरिक कायद्याखाली थेट देशाबाहेर काढायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. परकीयाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे, प्रत्यार्पणाचा कायदा अस्तित्वात आहे म्हणून त्याला बंधन येत नाही, असा तो निकाल. तो लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी. नागपूर उच्च न्यायालयाचे हे माजी मुख्य न्यायमूर्ती व्यक्तिस्वातंत्र्याचे कैवारी म्हणून ओळखले जात. कायद्याचे शब्दच इतके रुंद होते, की त्यांनाही दुसरी वाट दिसली नाही.

१९९१ साली एका बेल्जियन मिशनऱ्याच्या खटल्यात न्यायालयाने हीच रेघ अधिक ठळक केली. परकी माणसाला कलम २१ खाली जीविताचं आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचं संरक्षण आहे. इथे राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क नाही, कारण तो कलम १९ मध्ये आहे आणि कलम १९ नागरिकांसाठी आहे. म्हणजे परकी माणूस तुरुंगात असेल तर न्यायालय त्याचं म्हणणं ऐकेल. त्याने इथे राहावं की नाही, हे मात्र सरकार ठरवेल.

याचा परिणाम आजही दिसतो. परकी नागरिकावर गुन्हा नोंदला गेला की तो दोन आगींच्या मधे सापडतो. व्हिसाची मुदत वाढत नाही, म्हणून राहणं बेकायदा. खटला संपेपर्यंत न्यायालय देश सोडू देत नाही, म्हणून जाणंही अशक्य. निर्दोष सुटला तरी मधली वर्षं, नोकरी, घर परत येत नाही. २०२४ साली एका नायजेरियन आरोपीच्या जामिनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इतकं तरी स्पष्ट केलं, की मोबाइलवरून आपलं ठिकाण पोलिसांना सतत दिसत राहील अशी व्यवस्था करण्याची अट जामिनासाठी घालता येणार नाही. १९४६ चा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून इतिहासजमा झाला आणि त्याच्या जागी इमिग्रेशन व विदेशी नागरिक कायदा, २०२५ आला. नाव बदललं, पण राहण्याचा निर्णय सरकारच्या हाती ठेवणारी मूळ चौकट कायम आहे.

मतपेटीचा रस्ता

ठाणे जिल्ह्यातल्या हद्दपारीला उत्तर मिळालं ते न्यायालयातून नव्हे, मतपेटीतून. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत ठाणे मतदारसंघातून शामराव परुळेकर निवडून आले. ज्या जिल्ह्यात त्यांना पाऊल टाकायला मनाई होती, त्याच जिल्ह्याने त्यांना दिल्लीला पाठवलं. पण सरकारच्या हातातली खटल्याविना अडकवण्याची हत्यारं संपली नव्हती. १९६० च्या दशकात त्यांना भारत संरक्षण नियमांखाली पुन्हा स्थानबद्ध केलं गेलं आणि ३ ऑगस्ट १९६५ रोजी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. या स्थानबद्धतेचा आरोपही कुठल्या न्यायाधीशापुढे तपासला गेला नव्हता. गोदावरीबाईंनी १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९६ साली त्या गेल्या, तोवर त्यांचं काम याच जिल्ह्यात चालू होतं.

आजचा तालुका

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. वारली लढ्याची गावं तिकडे गेली. ठाणे जिल्ह्यात डोंगराचा, जंगलाचा, आदिवासींचा भाग उरला तो मुख्यतः शहापूर आणि मुरबाडमध्ये. शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भाग आहे. मुंबईच्या नळाला येणारं तानसा आणि भातसाचं पाणी इथलं.

इथल्या तडीपारीचा प्रस्ताव पोलीस ठाण्यातून निघतो. चौकशी उपविभागीय पोलीस अधिकारी करतात, हुकूम प्रांताधिकारी काढतात. शहापूरचे प्रांत भिवंडीला बसतात, मुरबाडचे कल्याणला. अपील कोकण विभागीय आयुक्तांकडे. हुकूम एका जिल्ह्यापुरता थांबत नाही. लगतचे जिल्हे त्यात घालता येतात आणि सहसा ठाण्याबरोबर मुंबई, रायगड, पालघरही घातले जातात. इथल्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जाणारा कातकरी घ्या. बयाणा घेतलेला असतो, कुटुंब बरोबर असतं, पावसाच्या आधी गावी परतायचं असतं. त्याची कमाई, त्याचं रेशन, मुलांची शाळा, सगळं याच चार-पाच जिल्ह्यांत आहे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरने कातकऱ्यांवर चोरटे असा शिक्का मारून ठेवला आणि तो पिढ्यान्पिढ्या पुसला गेला नाही. अशा माणसाला दोन वर्षं जिल्ह्याबाहेर काढणं ही नावापुरती प्रतिबंधक कारवाई असते. प्रत्यक्षात ती संसार मोडणारी शिक्षा असते.

गुंडगिरी खरी असते. खंडणीखोराच्या भीतीने गप्प बसलेलं गाव मी नाकारत नाही. साक्षीदाराला जिवाची भीती वाटते तेव्हा पोलिसांना काही मार्ग हवा, हेही खरं. पण तो मार्ग अपवाद राहायला हवा. जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो नागरिकाच्या मुक्त फिरण्याच्या मूलभूत हक्कावर घाला घालतो, आणि दोन वर्षांची पूर्ण मुदत द्यायची तर ती का, याची कारणं हुकुमात दिसली पाहिजेत. १९५० साली छागलांच्या पीठाने माणसाला ऐकून घ्या असं सांगितलं होतं. बहात्तर वर्षांनी न्यायालयाने कारणंही लिहा असं सांगितलं. प्रत्येक पायरी कुणीतरी घर सोडून, कर्ज काढून, वकील गाठून चढलेली आहे.

यातून मला एक गोष्ट पटते आणि ती ठामपणे म्हणावीशी वाटते. आरोप आणि जागा यांच्यामध्ये सुनावणी उभी राहिली पाहिजे. माणूस आपला असो वा परका, सिद्धगडच्या पायथ्याचा असो वा सातासमुद्रापलीकडचा. नागरिकासाठी आपण हे तत्त्व निम्मं मान्य केलं आहे. ते पूर्ण करायचं तर नोटिशीत तारीख आणि घटना असली पाहिजे. साक्षीदाराचं नाव झाकता येईल, पण आरोप झाकता कामा नये. सुनावणी तालुक्याच्या गावी झाली पाहिजे, म्हणजे मजुराचा दिवस बुडणार नाही. हुकूम मराठीत, कारणांसह, त्याच्या हातात पडला पाहिजे आणि कायद्याची मोफत मदत तिथेच मिळाली पाहिजे. परकी नागरिकासाठी हे तत्त्व अजून मान्यच झालेलं नाही. गुन्हा नोंदला गेला एवढ्यावरून त्याचा व्हिसा जाऊ नये, निकाल लागेपर्यंत त्याला कायदेशीरपणे राहता यावं आणि निर्दोष सुटला तर त्याच्या कागदांवर तो आरोप चिकटून राहू नये, इतकं करायला देशाची सुरक्षितता धोक्यात येत नाही.

आज मराठी घरांतली लाखो मुलं अमेरिकेत, आखातात, युरोपात, ऑस्ट्रेलियात राहतात. तिथे ती परकी नागरिक आहेत. एखाद्या भांडणात, एखाद्या अपघातात, एखाद्या खोट्या तक्रारीत त्यांच्यावर आरोप झाला, तर तिथल्या सरकारने त्यांना आधी ऐकून घ्यावं असं आपल्याला मनापासून वाटतं. ते मागण्याचा आपला अधिकार तेव्हाच भक्कम होईल, जेव्हा शहापूरच्या पोलीस ठाण्यात उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही आपण तेच देऊ.